खिशातला मोबाइल अन् खुंटीवरची वही

सकाळचे साडेआठ वाजलेले. स्वारगेटच्या एस.टी. स्थानकात सासवडकडच्या गाडीची वाट बघत पुरंदर तालुक्यातले एक शेतकरी बाकावर टेकले होते. रात्री टेम्पोतून चाळीस क्रेट टोमॅटो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उतरवले, पहाटे माल विकला, आता गाव गाठायचे. एका हातात आडत्याने दिलेली पट्टी, दुसऱ्या हातात मोबाइल. दोन्हीकडे आळीपाळीने बघत ते म्हणाले, "दादा, मोबाइलवर बावीसशे दावत हुतं. पट्टीवर बी बावीसनंच गेलाय माल. मग हातात पैसं कमी कसं?"

प्रश्न एका शेतकऱ्याचा असला तरी दुखणे गावोगावचे आहे. स्वारगेट म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचे शहरात शिरायचे दार. इथून सासवड, बारामती, साताऱ्याच्या गाड्या सुटतात आणि मार्केट यार्डही हाकेच्या अंतरावर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये इथपर्यंत भुयारी मेट्रोही आली. मोबाइल तर प्रत्येकाच्या खिशात आहे. भाव, हवामान, सातबारा, पीकपाहणी, बँक सगळे त्यात. माहितीचा दुष्काळ संपला, असे म्हणायला हरकत नाही. पण माहिती आली म्हणजे हिशेब आला, असे होत नाही. मोबाइल दुसऱ्याचा आकडा दाखवतो. आपला आकडा आपल्यालाच लिहावा लागतो. तो लिहिलेला नसेल तर महागातले यंत्रही शोभेचे ठरते.

भाव दिसतो, हातचा पैसा दिसत नाही

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाचे मुख्य कार्यालय याच गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आहे. मंडळाची स्थापना २३ मार्च १९८४ ची. राज्यातल्या बाजार समित्यांमधली रोजची आवक आणि दर मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. केंद्र सरकारचे ॲगमार्कनेट २००० सालापासून हेच काम देशपातळीवर करते. दोन्ही ठिकाणी पैसे लागत नाहीत. मात्र ते वाचायचे कसे, हे नीट समजून घेतले पाहिजे.

दराच्या तक्त्यात तीन आकडे असतात : किमान, कमाल आणि सर्वसाधारण. आपली नजर जाते ती कमाल दराकडे. पण कमाल दर म्हणजे त्या दिवशी त्या बाजारात सर्वांत सरस ठरलेल्या मालाचा दर. तो चार क्रेटला मिळाला की चारशे क्रेटला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. बहुतेक माल ज्या दराच्या आसपास गेला तो सर्वसाधारण दर. आपला हिशेब त्याच दराने करावा. माल निवडून, प्रतवारी करून नेला आणि वर चार पैसे मिळाले तर तो फायदा समजावा.

दुसरी गोष्ट मापाची. संकेतस्थळावर दर क्विंटलचा असतो, तर पुण्याच्या फळभाजी बाजारात बोली दहा किलोची चालते. म्हणजे मोबाइलवरचे २,२०० रुपये हे बाजारातले २२० आणि किलोचे २२. कोथिंबीर-मेथीसारख्या पालेभाज्यांचा हिशेब तर नगावर, शेकड्याने होतो. माप न बघता आकडा वाचला की घरातच भांडण लागते.

तिसरी गोष्ट आवकेची. दराशेजारी आवकेचा रकाना असतो, तो फारसे कोणी बघत नाही. काल भाव चढला म्हणून आज चार गावांनी एकदम तोडा केला, तर आवक फुगते आणि भाव बसतो. म्हणून एका दिवसाचा भाव बघून गाडी भरू नये. निदान आठ दिवसांचे दर आणि आवक एकाखाली एक लिहून बघावी. चढ-उताराची चाल डोळ्यांना दिसू लागते. शहरातल्या कंपन्या मोठ्या पगाराची माणसे ठेवून जे 'डेटा ॲनालिटिक्स' करतात, त्याचे मूळ हेच : आकडे एकाखाली एक मांडायचे आणि त्यांची चाल ओळखायची.

पावणेदोन रुपयांचा मंत्र

आता त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. समजा, चाळीस क्रेट, प्रत्येकात वीस किलो, म्हणजे ८०० किलो टोमॅटो. पुण्यात किलोला २२ रुपये मिळाले, एकूण १७,६०० रुपये. टेम्पोभाडे क्रेटला ४५ प्रमाणे १,८००, हमाली-तोलाई वगैरे ४००, स्वतःचे येणे-जाणे आणि चहा-नाष्टा ३००. खर्च २,५००. हाती राहिले १५,१००.

हाच माल तालुक्याच्या बाजारात २० रुपयांनी गेला असता तर १६,००० रुपये झाले असते. टेम्पो क्रेटला २० प्रमाणे ८००, हमाली-तोलाई ३००. खर्च १,१००. हाती १४,९००.

किलोला दोन रुपये जास्त, म्हणजे सोळाशे रुपयांचा फायदा दिसत होता. त्यातले चौदाशे रस्त्यात जिरले. उरले दोनशे. त्यात एक रात्र जागरण आणि दुसऱ्या दिवशीचे शेतातले काम बुडाले. पट्टी खोटी नव्हती, मोबाइलही खोटा नव्हता. मधला खर्च कुठे मांडलेलाच नव्हता.

याचा अर्थ पुण्याला माल नेऊ नये असा नाही. चौदाशे रुपये जादा खर्च भागिले ८०० किलो, म्हणजे किलोला पावणेदोन रुपये. हा झाला या शेतकऱ्याचा स्वतःचा आकडा. दोन बाजारांतल्या दराचा फरक पावणेदोन रुपयांहून चांगला जास्त असेल तर गाडी बेलाशक पुण्याकडे वळवावी. तेवढाच असेल तर घराजवळ विकून मोकळे व्हावे. प्रत्येकाच्या गावाचे अंतर, भाडे आणि माल वेगळा, म्हणून प्रत्येकाचा आकडाही वेगळा. तो एकदा काढून भिंतीवर लिहून ठेवला की मग मोबाइलवरचा भाव कामाला येतो.

पट्टी वाचताना आणखी एक ध्यानात ठेवा. फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय राज्यात २०१६ मध्ये झाला. पट्टीवर आडत कापलेली दिसली तर गप्प बसू नये, बाजार समितीच्या कार्यालयात पट्टी दाखवून विचारावे. त्यासाठी पट्टी जपून ठेवली पाहिजे. घरी पोचताच तिचा मोबाइलवर फोटो काढावा आणि कागद फाइलला लावावा.

वारणेच्या संगणकाने काय शिकवले

खेड्यात संगणक आला की काय होते, याचा मोठा प्रयोग आपल्याच राज्यात झाला. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' योजना सुरू झाली. गावोगावी संगणक केंद्रे बसवून ती कारखान्याशी जोडायची, शेतकऱ्याला गावातच शेतीसल्ला, बाजारभाव आणि सरकारी माहिती द्यायची, असा मोठा बेत होता.

प्रत्यक्षात शेतकरी केंद्रावर यायचा तो मुख्यतः कारखान्याशी असलेल्या आपल्या व्यवहारासाठी. माझ्या उसाचे वजन किती भरले? तोडीचे काय? खत आले का? बिलाचे काय झाले? पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरच्या लघुसंदेशाने हीच माहिती द्यायचा प्रयोग केला. तोही चालला. शेतकऱ्याने ठरावीक संदेश पाठवायचा आणि उसाच्या वजनाचा आकडा त्याच्या हातातल्या फोनवर यायचा.

गावात नवा उद्योग काढू पाहणाऱ्या तरुणांनी यातून धडा घ्यावा. आज स्टार्टअपचे वारे आहे. जो तो म्हणतो, मी शेतकऱ्यांसाठी ॲप काढतो. पण शेतकऱ्याला शंभर गोष्टी सांगणारे ॲप नको असते. त्याला अडलेली एक गोष्ट वेळेवर कळायला हवी असते. आधी दहा शेतकऱ्यांच्या ओट्यावर बसा, त्यांचे काय अडते ते वहीत लिहा, आणि सगळ्यांचे एकच अडत असेल तर त्यावर काम करा.

वीज आली का, एवढेच सांगा

पुण्याचेच उदाहरण घ्या. इथले अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचे उपकरण तयार केले. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला ते जोडायचे आणि घरबसल्या फोनवरून मोटार चालू-बंद करायची. शेतात वीज आहे की नाही, हेही फोनवर कळते. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. आता अशी उपकरणे अनेक कंपन्या विकतात आणि आपल्याकडे त्यांना 'मोबाइल स्टार्टर' म्हणतात.

यामागे कसले मोठे शास्त्र वाटले तरी शेतकऱ्याला मिळते ती एकच माहिती : वीज आहे किंवा नाही. पण त्या एका माहितीने रात्री दोन वाजता विंचूकाट्यातून विहिरीवर जायची खेप वाचते, आणि वीज गेलेली बघून परत यायची दुसरी खेपही वाचते.

असे यंत्र घेण्याआधी मात्र दुकानदाराला चार गोष्टी विचारा. पहिली, विहिरीवर कोणत्या कंपनीची रेंज येते? घरी रेंज आहे म्हणजे विहिरीवर असेलच असे नाही. दुसरी, यंत्र टू-जी सिमवर चालते की फोर-जीवर? टू-जीचे यंत्र असेल आणि सिमची कंपनी टू-जी सेवा देत नसेल, तर ते चालायचे नाही. तिसरी, विहिरीतले पाणी संपले किंवा एक फेज गेली तर मोटार आपोआप बंद होते का? नसेल तर सोय होण्याऐवजी मोटार जळायची. चौथी, बिघडले तर दुरुस्ती तालुक्यात होते की यंत्र पुण्याला पाठवावे लागते?

आणखी एक. वीज आली की आपोआप मोटार सुरू करणारा 'ऑटो' बहुतेकांनी बसवलेला असतो. वीज येताच एका रोहित्रावरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, रोहित्रावर भार पडतो आणि ते जळते. मग आठ-आठ दिवस कोणालाच पाणी नाही. फोनवरून मोटार चालवता येत असेल तर ऑटो काढून टाकावा, कपॅसिटर बसवावा आणि रोहित्रावरच्या सर्वांनी मिळून पाळ्या ठरवाव्यात.

पेरले, पण नोंदवले नाही

नोंदीअभावी काय होते, हे राज्याने नुकतेच पाहिले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. आपल्या शेतात उभे राहून, फोटो काढून, पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची. अनेकांनी कंटाळा केला. "तलाठी हाईत की, करतील" म्हणून सोडून दिले.

पुढे २०२४ मध्ये सरकारने २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी ५,००० रुपये जाहीर केले. सुरुवातीला अट होती ई-पीक पाहणीच्या नोंदीची. पीक घेतले, घाट्याने विकले, पण मोबाइलवर नोंद नाही, म्हणून हजारो लोक यादीबाहेर राहिले. ओरड झाली, तेव्हा सातबाऱ्यावरची नोंद धरून सवलत मिळाली. पण दरवेळी सवलत मिळेलच असे नाही.

आता तर १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला आहे. पुढचे सगळे कागद याच नोंदींना जोडले जाणार, हे उघड आहे. म्हणून प्रत्येक हंगामात तीन गोष्टी कराव्यात. पेरणीनंतर मुदत संपायची वाट न बघता पीकपाहणी उरकावी. नोंद झाल्याचा पडद्यावरचा फोटो काढून ठेवावा. आणि पुढे सातबारा काढून त्यावर तेच पीक, तेच क्षेत्र आले आहे का, ते ताडून पाहावे. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून घरबसल्या मिळतो, त्यासाठी चावडीवर खेटे घालावे लागत नाहीत.

तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांनाही एक विनंती. ज्या घरात मोबाइल चालवणारे कोणी नाही, एकटी म्हातारी माणसे आहेत, त्यांची यादी गावात कोतवालापासून पोलीस पाटलापर्यंत सर्वांना तोंडपाठ असते. मुदतीच्या आधी एक दिवस ठरवून शाळेतली मोठी मुले आणि तरुण मंडळांना सोबत घेऊन त्यांच्या नोंदी कराव्यात. सरकारी यादीतून वगळले जाते ते नेहमी याच घरांतले माणूस.

गावाचाही ताळेबंद हवा

घराला हिशेब लागतो तसा गावालाही लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तो करून दाखवला. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, विहिरींत किती आहे, हे मोजायचे. आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी बाजूला काढायचे आणि उरलेल्यावर कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचे. पाऊस कमी तर पिकेही कमी पाण्याची. कोणा मोठ्या कंपनीचे सॉफ्टवेअर लागले नाही. पर्जन्यमापक, वही आणि ठरवलेले पाळायची शिस्त, एवढ्यावर हे चालले.

राज्यात २०१७ पासून 'महावेध' योजनेत महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे बसवण्यात आली. ती उपयोगी आहेतच. पण केंद्र मंडळात एका ठिकाणी आणि पाऊस शिवाराशिवारात वेगळा. केंद्रावर कोरडे आणि आपल्या ओढ्याला पूर, असे होते. तेव्हा ग्रामपंचायतीने स्वतःचा साधा पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला नोंद ठेवावी. हवामान खात्याची वेळही तीच आहे. घरी करायचे तर तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीची काचेची बरणी उघड्यावर, झाडाभिंतीपासून लांब ठेवावी आणि आतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजावी. तितके मिलिमीटर पाऊस झाला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी. पंचवीस मिलिमीटरची एक सर एकराला लाख लिटर देऊन जाते. हा हिशेब कळला की दुसऱ्या दिवशी पाणी द्यायचे की नाही, हे कोणाला विचारावे लागत नाही.

यंत्र हुशार, पण पोसायचे आपणच

स्वारगेटहून बारामतीची गाडी धरली की पुढचा जमाना दिसतो. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू केला. उपग्रहाची चित्रे, शेतातले हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर यांची माहिती एकत्र करून पाणी आणि खताचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर जातो.

ज्यांना शक्य असेल त्यांनी जाऊन डोळ्यांनी बघावे. पण लगेच कर्ज काढून यंत्र आणू नये. सेन्सरने ओल सांगितली तरी लागणीची तारीख, बेण्याची जात, दिलेले खत हे आपणच सांगायचे असते. ते अंदाजाने सांगितले तर सल्लाही अंदाजाचाच मिळणार. आधी एक हंगाम वहीत नोंदी करा. दहा गुंठ्यांवर, नाहीतर गटातल्या चौघांनी मिळून करून बघा. शेजारचे तेवढेच रान जुन्या पद्धतीने ठेवा. दोन्हींचा खर्च आणि उतारा समोरासमोर मांडा. फरक वहीत दिसला तर पैसे घाला.

लग्नपत्रिकेतला चोर

मोबाइलने एक संकटही आणले आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, पी.एम. किसानचा हप्ता, वीजबिल, पीकविमा यांच्या नावाने फाइल येते. नावाच्या शेवटी 'एपीके' असते. ती उघडली की फोनचा ताबा चोराकडे जातो आणि खाते रिकामे होते. लक्षात ठेवा, सरकार असे ॲप व्हॉट्सॲपवरून पाठवत नाही. ओटीपी कोणालाही सांगू नये, मग तो बँकेचा साहेब म्हणवत असला तरी. फसगत झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि बँकेला कळवावे. जितका उशीर तितके पैसे लांब जातात. ग्रामपंचायतीने हा क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहावा.

वहीत काय लिहाल?

शंभर पानी वही पुरे. एका पानावर रोजचा पाऊस आणि पाण्याच्या पाळ्या. दुसऱ्यावर खर्च : बियाणे, खत, औषध, मजुरी, भाडे, घरच्या माणसांचे दिवसही धरावेत. तिसऱ्यावर विक्री : तारीख, बाजार, वजन, दर, कापलेला खर्च आणि हाती आलेली रक्कम. चौथ्यावर त्या-त्या दिवशीचा संकेतस्थळावरचा सर्वसाधारण दर, म्हणजे आपण बाजाराच्या वर राहिलो की खाली, ते दिसते. लिहायला घरातली शाळकरी मुलगी किंवा सूनबाई बसली तर उत्तम. त्यांचे अक्षरही चांगले आणि हिशेबही चोख. महिन्याला पानांचे फोटो काढून ठेवले की वही हरवली तरी काळजी नाही. वर्षाने कोणाला हेच मोबाइलच्या तक्त्यात भरावेसे वाटले तर दुधात साखर.

स्वारगेटवरच्या त्या शेतकऱ्यांना हा हिशेब पट्टीच्या पाठीमागेच मांडून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "म्हंजी पावणेदोन रुपयं," ते म्हणाले. तेवढ्यात सासवडची गाडी लागली. मोबाइल त्यांनी वरच्या खिशात टाकला. पट्टी मात्र घडी करून आतल्या बंडीच्या खिशात ठेवली, जिथे पैसे ठेवतात तिथे.